रंगीत लेन्स: आधी डोळा, मग रंग



आमच्या घरात नुकताच वलीमा झाला. त्याच्या तीन महिने आधी, कपड्यांची आणि दागिन्यांची बोलणी चाललेली असताना, आपांनी चहाचा कप ठेवता ठेवता हळूच विचारलं, "मी रंगीत लेन्स घातल्या तर फार वाईट दिसेल का?" आपांचं वय एक्कावन्न. चष्मा मायनस तीनचा, कॉलेजपासूनचा. दोन मुलींची लग्नं करून मोकळी झालेली बाई हे विचारताना दाराकडे बघत होती, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

आम्ही हसलो नाही. दोन वर्षांपूर्वी हसलो होतो, आणि त्याची किंमत आमच्या मुमानींना मोजावी लागली.

तेव्हा मुमानींच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. त्या चोपन्न वर्षांच्या. त्यांनीही असंच काहीसं विचारलं आणि बसलेल्या सगळ्यांनी "आता या वयात?" म्हणून त्यांची थट्टा केली. मुमानी गप्प बसल्या. मग कुणाला न सांगता त्यांनी एका कटलरीच्या दुकानातून राखाडी रंगाच्या, झिरो नंबरच्या लेन्स आणल्या. कुणी त्यांचा डोळा तपासला नाही. दुकानदाराने एक डबी आणि छोटी बाटली हातात दिली, "सगळ्यांना बसतात" म्हणाला, झालं.

मेहंदीच्या रात्री त्यांनी लेन्स घातल्या, तेव्हा निभावलं. निकाहच्या दिवशी घरी यायला रात्रीचा एक वाजला. लेन्स काढायला आरशासमोर उभ्या राहिल्या तर चाळिशीशिवाय स्वतःचा डोळाच नीट दिसेना, आणि चाळिशी लावली तर डोळ्याला बोट लावता येईना. डाव्या डोळ्यातली लेन्स निघाली. उजव्यातली सापडली नाही. कुठेतरी पडली असेल असं समजून त्या झोपल्या. सकाळी डोळा लालभडक झाला आणि दुखू लागला. पाहुण्यांनी भरलेल्या घरात सांगायचं कसं, म्हणून त्यांनी कपाटातल्या जुन्या ड्रॉप्सवर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा लेन्स डोळ्यातच होती आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम होऊन ती चिघळली होती. मग दिवस-रात्र दर तासाला औषध. दीड महिना हेच चाललं. अल्लाहच्या कृपेने नजर वाचली, पण बुबुळाच्या कडेला फिकट पांढरा डाग कायमचा राहिला.

दोष त्या लेन्सचा जेवढा, तेवढाच आमच्या हसण्याचा. कुणी "चला, डॉक्टरांना विचारू" असं म्हटलं असतं तर हे घडलं नसतं. म्हणून यावेळी आपांना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो, आणि आमच्या पुढे मुमानी होत्या. तिथे जे समजलं ते या महिन्याच्या पानात मांडतो आहोत. नटण्याची हौस वयाबरोबर संपत नाही. मात्र विशीतल्या मुलीची लेन्स आणि पन्नाशीतल्या बाईची लेन्स एकाच हिशेबाने निवडता येत नाही.

चाळिशीनंतर डोळ्यात काय बदलतं?

आपल्या मराठीत जवळच्या चष्म्याला "चाळिशी" म्हणतात, ते उगाच नाही. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग चाळिशीच्या सुमारास ताठर होऊ लागतं आणि जवळचं वाचायला वाकेनासं होतं. हा आजार नव्हे, वय आहे. पण बदल एवढाच नसतो.

बाहुली लहान होत जाते आणि अंधारात पूर्वीसारखी पटकन मोठी होत नाही. भिंग पिवळसर होत जातं. या दोन्हींमुळे साठीच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. काळा आणि गडद निळा दोरा संध्याकाळी वेगळा ओळखता येत नाही, तो यामुळेच. फिकट कपड्यावरची फिकट नक्षी, जिन्याच्या पायरीची कड, चहाच्या कपातला चहा किती भरला हे चटकन कळत नाही.

तिसरा बदल अश्रूंचा. वय वाढतं तसे डोळे कोरडे होतात, आणि पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हे जास्त दिसतं. सर्दी-अॅलर्जीच्या, बीपीच्या किंवा मन शांत ठेवण्याच्या काही गोळ्यांनीही कोरडेपणा वाढतो. लेन्स ही अश्रूंच्या पातळ थरावर तरंगते. थरच कोरडा असेल तर ती दर उघडझापीला घासते.

शुगर असेल तर आणखी एक गोष्ट. कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असू शकते. म्हणजे खरचटलं तरी दुखत नाही, आणि झालेली जखम भरायला वेळ लागतो. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा हिशेब शुगरवाल्या डोळ्याला लागू होत नाही.

रंग चार प्रकारचे

दुकानात सगळ्याच "कलर लेन्स" म्हणून दाखवतात, पण त्यांची कामं वेगवेगळी आहेत.

पहिला प्रकार, अगदी फिकट निळसर किंवा हिरवट छटेच्या लेन्स. ही छटा डोळ्यात गेल्यावर दिसत नाही. ती असते लेन्स डबीत, तळहातावर किंवा बेसिनमध्ये सापडावी म्हणून. जवळचं अंधुक दिसणाऱ्यांना हिचा खरा उपयोग. साधी नंबरची लेन्स घेतानाही अशी छटा आहे का, ते विचारावं.

दुसरा प्रकार, पारदर्शक रंगाच्या. या आपल्या मूळ रंगावर रंग चढवतात. घाऱ्या किंवा निळ्या डोळ्यांवर फरक दिसतो. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांवर जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि मग पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

तिसरा प्रकार, अपारदर्शक छपाईच्या. गडद डोळ्यांचा रंग बदलतो तो याच लेन्सने. मधे बाहुलीपुरती मोकळी जागा असते आणि तिच्याभोवती बारीक ठिपक्यांनी बुबुळ छापलेलं असतं. लेन्स बरोबर मधोमध बसली तर नजर त्या मोकळ्या जागेतून जाते. पण उघडझाप करताना ती थोडी सरकली, किंवा मुळातच मापात बसली नाही, तर ठिपके बाहुलीसमोर येतात आणि धुरकट दिसतं. ज्यांच्या डोळ्यात आधीच उजेड कमी पोचतो त्यांना हा धुरकटपणा जास्त जाणवतो, विशेषतः हॉलच्या मंद दिव्यात आणि जिना उतरताना. शिवाय अशा बऱ्याच लेन्स जुन्या पद्धतीच्या मटेरियलच्या असतात. त्यांतून डोळ्याला हवा कमी मिळते. नवं मटेरियल, सिलिकॉन हायड्रोजेल, जास्त हवा जाऊ देतं. त्यात रंगीत लेन्स मिळतात, पण रंग मोजके. म्हणून रंगाआधी मटेरियल विचारायचं.

चौथा प्रकार औषधाचा म्हणावा असा. इजेने किंवा जन्मतः बुबुळ नीट नसेल, एक डोळा पांढरट झाला असेल, किंवा उजेड अजिबात सोसत नसेल तर डॉक्टर मुद्दाम रंगवलेली लेन्स बनवून देतात. एक डोळा दुसऱ्यासारखा दिसावा म्हणूनही ती वापरतात. लहानपणी डोळ्याला लागलेलं असतं आणि माणूस जन्मभर मान खाली घालून फोटो काढतो. अशा कुणाला हे माहीत नसेल तर जरूर सांगा. ही लेन्स दुकानात तयार मिळत नाही. मोठ्या नेत्र रुग्णालयातल्या लेन्स विभागात डोळ्याचं माप घेऊन ती करावी लागते.

मामूंची पिवळी लेन्स

आपांबरोबर मामूही आले होते. रात्री स्कूटरवर समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात भाला घुसावा तसा लागतो, ही त्यांची तक्रार. कुणीतरी त्यांना पिवळ्या रंगाची लेन्स घ्यायला सांगितलं होतं.

पिवळ्या किंवा तांबूस छटेने काहींना उन्हात कडा ठळक दिसतात, हे खरं. मागच्या पडद्याच्या काही आजारांत डॉक्टर अशी छटा सुचवतातही. पण कुठलीही छटा उजेड वाढवत नाही, थोडा अडवतेच. रात्री उजेड आधीच कमी. त्यात बाहुलीवरच रंग असलेली लेन्स घालून गाडी चालवणं म्हणजे संध्याकाळी गॉगल लावून निघणं. गॉगल निदान काढून खिशात ठेवता येतो, लेन्स रस्त्यात काढता येत नाही.

डॉक्टरांनी थेंब टाकून, बाहुली मोठी करून पाहिलं तेव्हा मामूंना मोतीबिंदूची सुरुवात निघाली. दिव्याभोवती दिसणारी वलयं त्याचीच. मोतीबिंदूवर रंगीत लेन्स हा इलाज नाही. वेळ आली की ऑपरेशन हाच इलाज. तोवर उन्हात कडेनेही झाकणारा चांगला गॉगल आणि टोपी, आणि रात्रीची स्कूटर बंद. मामूंना ते आवडलं नाही, पण चावी आता मुमानींकडे असते.

यातून आम्ही एक गोष्ट पक्की धरली. चाळिशीनंतर "उजेड सोसत नाही", "रंग फिके दिसतात", "धुरकट दिसतं" अशी तक्रार असेल तर रंगीत काचेकडे वळण्याआधी पूर्ण तपासणी करावी. डोळ्याचा दाबही मोजून घ्यावा. काचबिंदू बहुतेक वेळा न दुखता, कडेची नजर आधी खात येतो आणि गेलेली नजर परत मिळत नाही.

नंबराचा पेच

आता आपांची गंमत ऐका. मायनस तीनच्या चष्म्याने त्या लांबचं बघतात आणि वाचायचं असेल तेव्हा चष्मा कपाळावर सरकवतात. पन्नाशीतही त्यांना चाळिशी लागली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! डॉक्टरांनी मायनस तीनची लेन्स घालून दाखवली. समोरच्या भिंतीवरची अक्षरं स्वच्छ दिसली. मग आपांनी पर्समधून छोटी पंजसूरा काढून उघडली, आणि त्यांचा चेहरा उतरला. एक ओळ वाचता येईना.

कारण सोपं आहे. चष्मा कपाळावर सरकवता येतो, लेन्स नाही. लांबचा नंबर डोळ्यात बसला की चाळिशीची गरज उघडी पडते. लांबचा चष्मा असलेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे, आणि विकणारा हे सहसा सांगत नाही.

त्यावर तीन वाटा आहेत. एक, लांबच्या नंबरची लेन्स आणि वाचताना वरून चाळिशी. दोन, एका डोळ्यात लांबचा आणि दुसऱ्यात जवळचा नंबर. काहींना हे जमतं, पण खोलीचा अंदाज चुकतो, म्हणून जिने आणि रस्ता ओलांडताना जपावं लागतं. तीन, एकाच लेन्समध्ये लांबचे आणि जवळचे दोन्ही नंबर असलेली मल्टिफोकल लेन्स. तिची सवय व्हायला दिवस लागतात आणि वाचायला भरपूर उजेड लागतो. अडचण अशी, की रंगीत लेन्स बहुतेक एकाच नंबरच्या येतात. मल्टिफोकल किंवा सिलिंडर नंबर हवा असेल तर रंगाची निवड फार थोडी उरते. अनेकदा रंग सोडावा लागतो. रोज लेन्स घालणार असाल तर रंग सोडलेला बरा. एखाद्या समारंभापुरतं असेल तर पहिली वाट पुरते.

चष्म्याचा नंबर चारच्या पुढे असेल तर तोच आकडा लेन्सला चालत नाही, तो बदलून काढावा लागतो. आणि "झिरो नंबर" असला तरी लेन्सला गोलाई आणि व्यास असतो, तो डोळ्याला जुळावा लागतो. अमेरिकेत तर २००५ साली कायदाच झाला, की नंबर असो वा नसो, प्रत्येक कॉन्टॅक्ट लेन्स हे वैद्यकीय साधन समजायचं आणि चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. आपणही घरापुरता तोच नियम करावा. कटलरीच्या दुकानातून बांगड्या आणाव्यात, लेन्स नाही.

आपांची तपासणी कशी झाली

खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं ठेवून अश्रू मोजले. पट्टी फारशी भिजली नाही. म्हणजे डोळे कोरडे. पिवळं औषध टाकून निळ्या दिव्याखाली कॉर्निया पाहिला. मग डॉक्टरांनी विचारलं की बोटं थरथरतात का, सांधे दुखतात का, घरात मदतीला कोण आहे. आम्हाला हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. लेन्स घालता येणं सोपं, रात्री दमलेल्या हातांनी काढता येणं अवघड.

त्याच दिवशी लेन्स मिळाली नाही. कोरडेपणाचे ड्रॉप्स आणि पापण्यांना गरम शेक, असं सहा आठवडे. मग पुन्हा तपासणी, आणि तेव्हा रंग.

रंग निवडताना डॉक्टरांकडच्या ताईंनी एक चांगली गोष्ट सांगितली. केस पिकू लागले, चेहरा मऊ झाला की राखाडी-निळा रंग उपरा दिसतो. आपल्या मूळ रंगाहून एकच पायरी उजळ, मधासारखा किंवा तपकिरी, शोभून दिसतो. खिडकीच्या उजेडात आणि दिव्याखाली, दोन्हीकडे पाहून ठरवावा. वयाबरोबर बुबुळाच्या कडेला करडं वलय येतं, तेही अशा लेन्सने झाकलं जातं. मात्र पन्नाशीच्या आत असं वलय दिसलं तर ते झाकण्याआधी कोलेस्टेरॉल तपासावं.

आपांनी एकदाच वापरून टाकून द्यायच्या, मधाच्या रंगाच्या लेन्स घेतल्या. कधीमधी घालणाऱ्यांना याच बऱ्या. पाकीट फोडायचं, घालायची, रात्री फेकायची. डबी नाही, शिळं सोल्यूशन नाही.

वुजू, सुरमा आणि स्वयंपाकघर

नळाचं, विहिरीचं, अगदी फिल्टरचं पाणीही लेन्सला लागू नये. पाण्यातले सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकून कॉर्निया पोखरतात. मग वुजूचं काय? वुजूत डोळ्याच्या आत पाणी पोचवणं फर्ज नाही. त्यामुळे लेन्स काढायची गरज नाही. डोळे अलगद मिटून चेहरा धुवावा, पापण्या टिपून घ्याव्यात आणि मगच उघडाव्यात. अंघोळीला मात्र लेन्स काढलेलीच बरी.

लेन्स असेल त्या दिवशी सुरमा नको. त्याची बारीक पूड लेन्सखाली गेली की काचपेपरसारखी घासते, आणि कित्येक सुरम्यांत शिसंही असतं. लेन्सला हात लावण्याआधी साबणाने हात धुवून पूर्ण कोरडे करावेत. मिरची, अत्तर, केसांचं तेल बोटांवर राहून जातं. लेन्स आधी, मेकअप नंतर. उतरवताना लेन्स आधी, मेकअप नंतर. चुलीचा धूर आणि तंदूरची धग यांपासून लांब राहावं. आईची लेन्स मुलीने आणि मुलीची आईने घालू नये.

महिनाभर चालणारी लेन्स असेल तर सोल्यूशन रोज नवं घालावं, जुन्यात भर घालू नये, आणि डबी तीन महिन्यांनी बदलावी. काचबिंदूचे किंवा दुसरे ड्रॉप्स चालू असतील तर लेन्स काढून ते टाकावेत आणि पंधरा मिनिटांनी लेन्स घालावी. रमजानमध्ये ड्रॉप्स टाळणारे बरेच भेटतात. हनफी आणि शाफई, दोन्ही मसलकांत डोळ्यांत औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. काचबिंदूचं औषध महिनाभर बंद ठेवणं नजरेला महाग पडतं.

आणखी एक साधी गोष्ट. आधारसाठी किंवा पेन्शनसाठी बुबुळ स्कॅन करायला जाताना रंगीत लेन्स काढून जावं, नाहीतर मशीन ओळखत नाही.

ही खूण दिसली तर थांबू नका

लाली, दुखणं, उजेड न सोसणं, पाणी येणं, अंधुक दिसणं, यांतलं एक जरी झालं तरी लेन्स ताबडतोब काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या. कपाटातले जुने किंवा मेडिकलमधून मनाने आणलेले ड्रॉप्स घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल तर बुरशीची जखम झपाट्याने वाढते. आणि घरातल्यांनी "कुणी सांगितलं होतं घालायला?" हे वाक्य त्या दिवसापुरतं गिळावं. मुमानींचे दोन दिवस त्या वाक्याच्या भीतीत गेले.

वलीम्याच्या दिवशी आपा छान दिसत होत्या. निम्म्या लोकांना काय बदललं ते कळलंच नाही, फक्त "आज चष्मा कुठे?" असं विचारत होते. पर्समध्ये चाळिशी होती. पाकिटावरची नावं वाचताना आपा ती बिनधास्त लावत होत्या. साडेदहा वाजता मुमानी त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. साबणाने हात धुवायला लावले, मोबाइलची टॉर्च बाजूने धरली आणि म्हणाल्या, "घाई करू नका. दोन्ही निघाल्याशिवाय मी इथून हलत नाही."

दोन्ही निघाल्या. मुमानींनी त्या तळहातावर घेऊन मोजल्या, मग कचऱ्यात टाकल्या.